व्यायामाला वेळ कोठून आणावा?

व्यायाम चांगला, हे सातारा-सांगलीच्या माणसाला पटवून देण्याची गरज नाही. गावोगाव तालीम असलेला हा मुलूख आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे पदक घेऊन आले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. अशा ठिकाणी व्यायामाचे गुण गाणे म्हणजे गुऱ्हाळात बसून गुळाची गोडी सांगणे होय. तरीही चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते : "करायचा तर आहे हो, पण वेळ कुठाय?"

हे उत्तर आळसाचे आहे असे समजून उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते खरे धरून चालतो. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण माणूस 'वेळ नाही' म्हणाला की त्याचा वेळ गेला कोठे, हे पाहण्याची आम्हांला खोड लागली आहे. आठवड्याची सुटीसुद्धा या देशातल्या कामगाराला कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार यांनी खटपट केली, तेव्हा १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.

आता पहिली अडचण. द्वारसभेत व्यायामाचा विषय काढला की हमालभाई हसतात. "दिवसभर पोती वाहतो, आणखी व्यायाम कसला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना लंडनच्या बसगाड्यांची हकिकत उपयोगी पडते. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. गाडी तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत असलेला. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तो उशिरा व सौम्य. टपाल वाटणारे आणि कचेरीत बसणारे यांच्यातही असाच फरक दिसला. म्हणजे कामातली हालचाल हृदयाला तारते, हे खरे.

मग हमालाचे हृदय सर्वांत निरोगी का नसावे? याचे कारण कष्ट आणि व्यायाम यांच्या घडणीत आहे. कंडक्टर चढतो, थांबतो, तिकीट फाडतो, पुन्हा चढतो. त्याचा श्वास मोकळा असतो. जड पोते पाठीवर घेताना श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम चढतो, मणक्यावर एकाच बाजूने भार येतो, आणि हे आठ-आठ तास चालते. व्यायामात थकवा आला की थांबता येते, आणि नंतरच्या विश्रांतीत स्नायू भरून निघतो. मजुरीत थांबणे मुकादमाच्या किंवा उक्त्याच्या दराच्या हाती असते. अलीकडे डेन्मार्क व इतर देशांतल्या संशोधकांनीही दाखविले आहे, की फावल्या वेळातल्या हालचालीचा जो लाभ दिसतो, तो जड कामातल्या हालचालीत तसा दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली पुरुष कामगाराने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आपल्याकडे क्विंटलचे पोते पुढेही बरीच वर्षे पाठीवर होते, आणि पन्नास किलोंच्या पोत्यासाठी हमालांच्या संघटनांना झगडावे लागले.

तेव्हा हमालाला आणखी जोर-बैठका सांगणे मूर्खपणाचे आहे. त्याच्या अंगाला हवी आहे ती उलट दिशेची हालचाल : दिवसभर पुढे वाकलेली पाठ मागे नेणे, छाती उघडणे, ओझ्याशिवाय सावकाश चालणे. आणि पुरती झोप. बँकेतल्या कारकुनाचे नेमके उलटे. त्याला पायांना काम हवे, दम लागायला हवा. ज्याचे जे अंग दिवसभर एका स्थितीत अडकून पडते, ते सोडविणे हाच त्याचा व्यायाम.

या बाबतीत आपल्याच भागातला एक मोठा प्रयोग आठवावा असा आहे. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. त्यांच्या संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी पसरलेला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, त्यामुळे दोघांनीही त्यांच्यावर हक्क सांगावा. तरुणपणी त्यांनी सँडो या प्रसिद्ध युरोपीय मल्लाची पुस्तके व साधने मागवून दहाएक वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहाने ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग स्वतःपुरते न थांबता त्यांनी संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले, स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. १९३८ साली लंडनमध्येही त्यांचे पुस्तक इंग्रजीत निघाले.

राजेसाहेबांच्या पद्धतीत नमस्काराच्या दहा स्थिती होत्या. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवितात. आकड्यावरून भांडण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की एवढ्याशा चक्रात पाठ पुढेही वाकते आणि मागेही, गुडघे, खांदे, पोट सर्वांना काम मिळते, आणि श्वास हालचालीला जोडलेला राहतो. साधन लागत नाही. जागा लागते ती अंथरुणाएवढी. एका नमस्काराला वीस सेकंद धरली, तर बारा नमस्कार चार मिनिटांत होतात. सँडोच्या साधनांपेक्षा हे अधिक टिकले यात नवल नाही.

आमच्या मते ते टिकण्याचे आणखी एक कारण आहे, त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नमस्कार हे स्नान आणि पूजा यांच्यामध्ये बसविलेले होते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. आंघोळ चुकत नाही म्हणून नमस्कारही चुकत नसे. कामाच्या माणसाने राजेसाहेबांपासून घ्यावयाचे ते हेच. पहाट मात्र घेऊ नये. पाळीच्या कामगाराला पहाट नसते. रातपाळीवरून आलेला माणूस सकाळी आठला अंथरूण शोधत असतो. त्याला 'ब्राह्ममुहूर्ती उठा' म्हणून सांगणारा माणूस त्याला व्यायामापासून कायमचा तोडतो. त्याने दुपारी झोपून उठल्यावर, डबा भरण्यापूर्वी, हीच चार मिनिटे धरावीत. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याने घड्याळाला नव्हे, तर आंघोळीला किंवा पहिल्या चहाला व्यायाम बांधावा. पाळी बदलली तरी चहा काही चुकत नाही!

सलग अर्धा तास मिळाला नाही तर काही उपयोग नाही, ही समजूतही आता सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि दोन दिवस तरी स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे; परंतु पूर्वी निदान दहा मिनिटे सलग हवीत अशी जी अट होती ती काढून टाकली आहे. थोडे थोडेही जमेस धरतात. जेवणानंतर दहा मिनिटे चालले, तर पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. भारतात मधुमेही माणसे दहा कोटींवर असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या देशात ही दहा मिनिटे क्षुल्लक नव्हेत. चढावर छातीत दुखत असेल, त्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा.

कुस्ती सोडलेल्या पैलवानांना एक शब्द. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. तिशीनंतर पोट पुढे येते ते त्यामुळे. पूर्वीच्या हजार बैठका आता होत नाहीत म्हणून पंचवीसही घालावयाच्या नाहीत, हा मानीपणा घातक आहे.

सांगली ही कृष्णाकाठची सपाट वस्ती, सायकलीला जन्मजात योग्य. कामावर सायकलीने जाणाऱ्याला व्यायामाचा विचार करावा लागत नव्हता. मोटारसायकल आली आणि तो व्यायाम न कळत गेला. साताऱ्यात उलट, चढ दाराशी आहे. चार भिंतींपर्यंत किंवा अजिंक्यताऱ्यावर आठवड्यातून दोनदा चढणाऱ्याला पैसे मोजून वेगळ्या यंत्रावर धावण्याची गरज नाही. आणि बसथांबा एक अलीकडचा धरावा, एवढे तर दोन्ही गावांत जमते.

एवढे सांगूनही वेळेचा प्रश्न उरतोच, कारण तो एकट्या माणसाच्या निश्चयाने सुटणारा नाही. जपानात १९२८ पासून रेडिओवरून कवायत चालते, आणि पुष्कळ कारखान्यांत काम सुरू होण्यापूर्वी सारे मिळून ती करतात. आपल्याकडे कोणी ही कल्पना मांडली की आमचा पहिला प्रश्न असतो : ही दहा मिनिटे पगारातली की घरची? पगारातली असतील तर जरूर करावी. एका कारखान्यात, नाव घेत नाही, आरोग्याची रंगीत चित्रे भिंतीवर लावली होती, आणि लघवीला जाण्यापुरता बदली माणूस मागितला तर तो मिळत नव्हता. त्या चित्रांखाली उभे राहून कामगार काय म्हणत, ते येथे छापता येणार नाही.

सर्वांत कमी वेळ ज्यांच्या वाट्याला येतो त्या बायका. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. तेथे बसणे हाच आराम. हळदीच्या गोदामात निवडायला बसणाऱ्या बायांचे त्याच्या उलट. त्यांचे गुडघे आणि कंबर तासन्‌तास दुमडलेली. घरी गेल्यावर पुन्हा चुलीपुढे, धुण्यापुढे वाकणेच. त्यांना 'रोज फिरायला जा' म्हणणे सोपे आहे. पण तेवढ्या वेळात भाकरी कोणी करावयाची, हे घरातल्या पुरुषाने आधी सांगावे. तोवर आमच्या मावश्यांना आम्ही एवढेच सुचवितो, की चहा आला की तो बसल्या जागी घेऊ नये. उठावे, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाठ मागे न्यावी, फाटकापर्यंत जाऊन यावे आणि मग कप हातात घ्यावा. चहा थोडा निवतो. पण सगळ्याजणी एकदम उठल्या, तर मुकादमही काही बोलत नाही.