तद्विद्य-संभाषेपासून साहाय्य-चक्रापर्यंत : वैद्यवर्गातील परस्पर साहाय्याचा एक सामूहिक उपक्रम

वैद्याचा दिवस रुग्णांच्या गर्दीत जातो. तथापि व्यवसायातील अडचणींच्या बाबतीत तो बहुधा एकाकीच असतो. नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार या चार रेल्वे स्थानकांच्या परिसरात चिकित्सालये अक्षरशः शेजारी शेजारी आहेत. असे असूनही एखाद्या भगंदराच्या रुग्णासाठी क्षारसूत्रात निष्णात असलेला वैद्य शोधण्यात आठवडे निघून जातात, आणि तो दोन स्थानकांच्या अंतरावरच असल्याचे मागाहून कळते. मधल्या काळात रुग्णाची पीडा वाढते. क्वचित तो भोंदू उपचारकाच्या हाती सापडतो. ज्ञान आणि सद्भावना दोन्ही उपलब्ध असताना ही हानी का व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्य-संभाषेचे सविस्तर वर्णन आहे. संधाय संभाषा व विगृह्य संभाषा असे तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली मैत्रीच्या भावनेने, तर दुसरी जिंकण्याच्या इच्छेने केली जाते. संधाय संभाषेत वैद्याने निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, विचारणाऱ्यास अर्थ स्पष्ट करून सांगावा, पराभवाचे भय बाळगू नये व दुसऱ्याच्या पराभवाने हर्षित होऊ नये, असा उपदेश आहे. येथे सांगण्याइतकेच महत्त्व विचारण्यालाही दिले आहे, हे लक्षात घ्यावे. तसेच गुल्मचिकित्सेत शस्त्रकर्माची वेळ येताच धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांचा अधिकार मान्य करण्यात आला आहे. स्वतःच्या मर्यादेपलीकडील रुग्ण योग्य हाती सोपविणे हे न्यून मानलेले नाही.

अर्वाचीन काळात याच भूमिकेतून वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. विखुरलेल्या वैद्यवर्गास एका व्यासपीठावर आणण्याचा तो प्रयत्न होता. आपल्या मासिक सभा त्याच परंपरेतील होत. मात्र सभेत व्याख्यान होते, अल्पोपाहार होतो आणि प्रत्येकाची अडचण त्याच्याबरोबर घरी परत जाते.

साहाय्य का मिळत नाही?

सहव्यवसायी स्वार्थी आहेत, असे याचे उत्तर सहज दिले जाते. प्रत्यक्षात मुख्य अडथळा मागणाऱ्याच्या संकोचात असतो. फ्रान्सिस फ्लिन व व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पाच अनोळखी व्यक्तींकडून प्रश्नावली भरून घेण्यासाठी किती जणांना विनंती करावी लागेल, असे सहभागी व्यक्तींना विचारले होते. त्यांचा अंदाज सुमारे २० होता. प्रत्यक्षात सुमारे १० जणांना विचारणे पुरले. मदत मिळण्याची शक्यता मनुष्य फार कमी धरतो. वैद्याच्या बाबतीत त्यात आणखी एक भीती मिसळते. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, असे त्यास वाटते.

उपक्रमाचे स्वरूप

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक वेन बेकर व त्यांच्या पत्नी शेरिल बेकर यांनी या अडथळ्यावर एक सामूहिक उपक्रम विकसित केला. त्यास आपण ‘साहाय्य-चक्र’ म्हणू. स्थानिक शाखेस तो पुढीलप्रमाणे योजता येईल.

१. पंधरा ते वीस सभासदांनी गोलाकार बसावे. दीड तास राखून ठेवावा व एक संचालक नेमावा.

२. प्रत्येकाने एकच मागणी कागदावर लिहावी. काय हवे, कशासाठी हवे व केव्हापर्यंत हवे, हे त्यात स्पष्ट असावे. ‘पंचकर्माबाबत मार्गदर्शन हवे’ ही मागणी निरुपयोगी होय. ‘बस्तिकर्मासाठी प्रशिक्षित स्त्री-परिचारिका, आठवड्यातून तीन दिवस, पुढील महिन्यापासून हवी’ ही उपयुक्त होय.

३. प्रत्येकाने दोन मिनिटांत मागणी वाचून कागद भिंतीवर लावावा. ज्येष्ठांनी प्रथम मागावे. त्यामुळे नवोदितांचा संकोच दूर होतो.

४. इतरांनी आपल्या नावाची चिठ्ठी त्या मागणीखाली लावावी. ‘मी करू शकतो’ याप्रमाणेच ‘करू शकेल अशी व्यक्ती मला माहीत आहे’ हेही साहाय्यच होय.

५. संचालकाने नोंदवहीत टिपण करावे. पुढील सभेचा पहिला विषय या नोंदींच्या पूर्ततेचा असावा. हे न केल्यास उपक्रम केवळ करमणूक ठरतो.

मागण्या नाना प्रकारच्या असू शकतात. समजा, विरारच्या वैद्यास दशमूळातील श्योनाक व अग्निमंथ यांची ताजी ओळख करून घ्यावयाची आहे; पारोळकडील सभासद त्यास जाणकाराशी जोडून देऊ शकेल. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून लोकल सेवा विस्कळीत झाली होती. अशा दिवशी आपल्या रुग्णांकडे कोण पाहील, ही मागणी तर सर्वांचीच आहे.

परिणामाची कारणे

येथे मागणे हा सर्वांसाठी नियम असल्याने त्यात कमीपणा राहत नाही. दुसरे कारण परतफेडीच्या रीतीत आहे. शेतकऱ्यांच्या सावडीत ज्याने आपल्याला बैल दिला, त्यालाच आपण परत देतो. या चक्रात ‘अ’ने ‘ब’ला दिलेले साहाय्य ‘क’कडून परत येऊ शकते. त्यामुळे नुकतीच पदवी घेतलेल्या वैद्यासही ज्येष्ठांकडून घेताना ओझे वाटत नाही, आणि संगणकावरील नोंदींसारख्या विषयात त्याला देण्याजोगेही बरेच असते.

घ्यावयाची दक्षता

रुग्णाचे नाव किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील सांगू नये. आत्ययिक अवस्थेतील रुग्णासाठी सभेची वाट पाहू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. रुग्ण पाठविण्याच्या मोबदल्यात कमिशन हा आचारसंहितेचा भंग आहे. त्याचा शिरकाव होताच संधाय संभाषेचा बाजार होईल. तसेच दोन-तीन उदार सभासदांवरच सर्व भार पडू देऊ नये. सर्वांत मागे पडणाऱ्यांत आणि सर्वांत पुढे जाणाऱ्यांत, दोन्हीकडे देणारेच आढळतात, असे अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ मधील आपल्या ग्रंथात दाखविले आहे. ज्यांना आपल्या शक्तीची मर्यादा राखता येत नाही, ते थकून जातात. म्हणून एका सभासदाने एका सभेत तीनपेक्षा अधिक चिठ्ठ्या लावू नयेत, असा नियम करावा.

या उपक्रमास निधी लागत नाही. कोरे कागद, एक नोंदवही व दीड तास पुरतो. शाखांनी आगामी मासिक सभेतील व्याख्यानाची वेळ एकदा या कार्यासाठी द्यावी आणि तीन सभांनंतर किती मागण्या पूर्ण झाल्या, किती राहिल्या व का राहिल्या, याचा आढावा घ्यावा. राहिलेल्या मागण्यांवरूनच आपल्या परिसरातील वैद्यकसेवेत नेमके काय कमी आहे, हे शाखेस कळू शकेल.