पावसाआधी काय काय वाचवाल?

मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या परसांत सगळं एकदम पिकतं. हापूसच्या पेट्या तोवर बाजाराला गेलेल्या असतात. मागे उरतात ती घरची झाडं. रायवळ आंब्याखाली रोज सकाळी पाट्या भरतात, बरक्या फणसाचा वास ओटीपर्यंत येतो, रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली लाल सडा पडलेला असतो. कुणाला द्यायचं म्हटलं तर शेजारच्या परसातही हेच. पहिले काही दिवस रस होतो, सांदणं होतात, मुंबईच्या गाडीत पिशव्या चढतात. मग हात थकतात आणि फळ झाडाखालीच कुजू लागतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि उरलंसुरलं सगळं चिखलात जातं.

एवढं अन्न वाया जाणं मला फार लागतं. ही झाडं खत मागत नाहीत, फवारणी मागत नाहीत. त्यांनी दिलेलं टिकवायची विद्याही आपल्याकडे आहे: साठं, फणसपोळी, आमसुलं, आगळ, मुरांबा, खारातल्या कैऱ्या. मात्र ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती निव्वळ पाककृती म्हणून. तिच्यामागचं रसायन समजून घेतलं, तर कोणतं फळ कोणत्या वाटेनं न्यायचं आणि कोणत्या वाटेनं चुकूनही न्यायचं नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात पिकण्यापासून करू. आंबा, फणस, केळं, चिकू, पेरू, पपई ही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. 1920च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि चार्ल्स वेस्ट सफरचंदांच्या श्वसनाचा अभ्यास करत होते. पिकायच्या सुमारास फळाचं श्वसन एकाएकी वाढतं, कळस गाठतं आणि मग उतरतं, असं त्यांना आढळलं. या उसळीमागे एथिलीन हा वायू आहे. पिकतं फळ तो स्वतःच तयार करतं, याचा रासायनिक पुरावा रिचर्ड गेन यांनी 1934 मध्ये दिला. हवेच्या दहा लाख भागांत एथिलीनचा एखादा भाग असला तरी कच्च्या फळाला पिकण्याचा इशारा मिळतो. मग ते फळही एथिलीन सोडू लागतं आणि शेजारच्याला जागं करतं. पिष्टाची साखर होते, आम्ल उतरतं, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं आणि फळ मऊ पडतं.

आंब्याची अढी म्हणजे हेच शास्त्र. भाताच्या पेंढ्यात आंबे थरांनी लावले की एथिलीन आत कोंडतं आणि श्वसनाची ऊबही अडकते. म्हणून अढी जाड लावू नये. जाड अढीच्या पोटात उष्णता साठते आणि मधले आंबे नासतात. दबलेलं, चिरलेलं, सडू लागलेलं फळ एथिलीन जास्त सोडतं. ते वेळीच बाहेर काढलं नाही तर सगळी अढी एकाच दिवशी पिकते. सुकाळाच्या दिवसांत खरी युक्ती आहे ती आंबे एकदम न पिकू देण्याची. थोडे पेंढ्यात घालावेत, बाकीचे हवेशीर पडवीत एकेरी पसरून ठेवावेत आणि दर दोन दिवसांनी काही आत घ्यावेत. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवून थांबवता येईल असं वाटतं, पण सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या खाली त्याला थंडी बाधते. सालीवर काळे डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर तो नीट पिकतच नाही. कॅल्शियम कार्बाइडच्या वाटेला तर जाऊच नये. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू एथिलीनची नक्कल करतो खरा, पण त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असू शकतात. फळं पिकवण्यासाठी ते वापरायला भारतात बंदी आहे.

काजूचा बोंडू आणि जांभूळ यांची तऱ्हा वेगळी. त्यांना ही उसळी नाही. झाडावर जेवढं पिकलं तेवढंच, उतरवल्यावर फक्त खराब होणं बाकी. म्हणून घरात आधी हात लावायचा तो यांना. अढीतला आंबा दोन दिवस थांबेल, पडलेला बोंडू संध्याकाळपर्यंतही धड राहत नाही.

आता टिकवण्याकडे वळू. फळ नासवतात ते सूक्ष्मजीव आणि त्यांना पाणी लागतं. पिकल्या आंब्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पण किती पाणी आहे याहून महत्त्वाचं, त्यातलं किती मोकळं आहे. मीठ आणि साखर पाण्याचे रेणू स्वतःशी बांधून घेतात आणि ते पाणी जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. या मोकळेपणाचं माप शास्त्रज्ञ शून्य ते एक या पट्टीवर सांगतात. शुद्ध पाणी 1. सुमारे 0.91च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, 0.6च्या खाली बुरशीसुद्धा नाही. जाम 0.8च्या आसपास असतो. म्हणजे जिवाणूंना तो बंद, बुरशीला मात्र थोडी फट राहते. म्हणून मुरांब्याच्या बरणीत ओला चमचा घालू नको, असं आजी बजावते. चमच्याबरोबर गेलेलं पाणी वरच्या थरात मोकळं राहतं आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

साठं घालताना रस पातळ पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा थर द्यायचा. एकदम जाड थर दिला तर वर कातडं धरतं, आतलं पाणी आतच कोंडतं आणि पुढे पावसाळ्यात तिथून वास येतो. ड्रायरमध्येही हीच अडचण. लवकर व्हावं म्हणून आच वाढवली की पृष्ठभाग कडक होऊन वाट बंद होते. 55 ते 60 अंश पुरे, पण हवा खेळती हवी. उन्हात वाळवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, हे खरं. पण साखर, आम्ल आणि चोथा राहतो, केशरी रंगद्रव्यंही काही प्रमाणात टिकतात. कुजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाण्याइतकंच महत्त्व आम्लतेला. सामू, म्हणजे पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त. अन्नशास्त्रात 4.6 हा आकडा सीमारेषा मानतात. त्याच्या वर, हवाबंद बाटलीत, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष माणसाला ज्ञात असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात. ते मारायला 121 अंशांची उष्णता बाटलीच्या गाभ्यापर्यंत पोचावी लागते आणि घरच्या चुलीवर याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कैरीचा सामू 3च्या आसपास, म्हणून ती निर्धास्त. पिकला आंबा जातीनुसार साडेतीनच्या पुढे जातो. पण पिकला फणस बहुधा 4.6च्या पलीकडे असतो, पपईही.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आंब्याचा रस बाटलीत भरतो तसाच फणसाचा भरून ठेवायची कल्पना कुणालाही सुचेल. तसं करू नये. बरक्या फणसाचा गर वाळवून पोळी करावी, नाहीतर साखर घालून घट्ट होईपर्यंत आटवावा. बाटलीतच भरायचा असेल तर लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालून सामू 4.2च्या खाली आणावा, तो मोजून खात्री करावी, मग गर उकळून भरावा. चव घेऊन आम्लता ठरवता येत नाही, कारण फणसातली साखर आंबटपणा झाकते. वाळवतानाही फरक आहेच. आंब्याच्या साठाला एखादा ढगाळ दिवस निभावतो, कारण त्यातलं आम्ल जंतूंना थोडं रोखून धरतं. फणसाला ते संरक्षण नाही. म्हणून मे महिन्यातलं सगळ्यात कडक ऊन फणसपोळीसाठी राखावं आणि थर अगदी पातळ घालावा. आठळ्या धुऊन सुकवून मातीत किंवा वाळूत ठेवल्या की पावसाळ्यात भाजीला होतात.

आणि रातांबा! परसातल्या फळांत टिकवायला इतकं सोयीचं दुसरं नाही आणि इतकं वाया जाणारंही क्वचितच. सामू 2च्या आसपास. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर, सालीत गडद लाल अँथोसायनिन. आमसुलं करताना साल फोडून वाळवतात आणि मीठ घातलेल्या त्याच्याच रसाची पुटं देत पुन्हा पुन्हा वाळवतात. दर पुटाला पाणी उडतं, आम्ल आणि मीठ सालीत साचत जातं. शेवटी पाणी, आम्ल, मीठ या तिन्ही वाटा एकाच सोलात बंद होतात. वर्षानुवर्षं डब्यात राहणारी आमसुलं ही त्याची किमया.

सरबतासाठी सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात. साखर रसाला बाहेर ओढते, म्हणून पाणी न घालता पाक तयार होतो. रातांब्याचं तीव्र आम्ल साखरेचा रेणूच फोडतं, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्यामुळे पाकात खडे धरत नाहीत आणि मोकळं पाणी आणखी कमी होतं. परिरक्षक घालायचंच असेल तर एक पथ्य पाळावं. आंब्याच्या रसाला चालणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमात घालू नये. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनचा रंग उडवतो. कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट, तेही ठरवून दिलेल्या मर्यादेत. बियाही टाकू नयेत. त्यातून निघणारं कोकमतेल खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं आणि सुमारे 40 अंशांना वितळतं. टाचांच्या भेगांना घरोघरी तेच लावत आले आहेत.

रातांब्याची अडचण एकच: तो नेमका पावसाच्या तोंडावर पिकतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ ही लवकर तयार होणारी जात दिली, ती याच कारणानं मोलाची. नवं झाड लावणाऱ्यानं तिचा विचार जरूर करावा. जुनी झाडं मात्र आपल्याच वेळेनं पिकणार. तिथे पाऊस आलाच तर वाळवणाचा नाद सोडून आगळ करावं. रातांब्याच्या रसात भरपूर मीठ घातलं की आगळाला ऊन लागत नाही.

बोंडूचं काम अवघड. काजूबीच्या कित्येक पट वजनाचं हे फळ संत्र्याच्या काही पट क जीवनसत्त्व बाळगून असतं, पण टॅनिनमुळे घशाला लागतं. गोव्यात त्याचा हुर्राक आणि फेणी होते. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडे महाराष्ट्रात बी काढून बोंडू फेकला जातो. शिजवलेल्या साबुदाण्याची पेज रसात घातली की टॅनिन तिला चिकटून तळाशी बसतं, वरचा रस गाळून सरबताला घेता येतो. हे घरी सहज होण्यासारखं आहे, तरी फार थोडे लोक करतात.

हल्ली फ्रीजरचा पर्याय सगळ्यांना सुचतो. उणे 18 अंशांना सूक्ष्मजीव थांबतात, मरत नाहीत. वितळलं की पुन्हा कामाला लागतात. कोकणात जूनच्या पहिल्या वादळात वीज एक-दोन दिवस जाणं नवं नाही. मुंबई-पुण्याच्या घरात फ्रीजर उत्तम, गावच्या घरात वर्षाचा साठा त्याच्यावर सोडू नये.

एवढं करूनही फळं उरतीलच. ती झाडाखाली सडू देऊ नका. त्यांत फळमाशी अंडी घालते, अळ्या फळातून उतरून जमिनीत कोष करतात आणि तीच माशी उशिराच्या आंब्यावर बसते. पडलेली फळं रोज वेचून निदान दोन फूट खोल पुरावीत. शेजारपाजार मिळून ‘रक्षक’ सापळे लावले तर अधिक चांगलं. हा सापळाही दापोलीच्या विद्यापीठाचाच. त्यातलं मिथिल युजेनॉल नरमाश्यांना खेचून घेतं.

यंदा मेमध्ये गावी जाल तेव्हा सामू मोजायच्या कागदी पट्ट्यांचं एक पाकीट सोबत न्या. त्या फार महाग नसतात. फणसाची बाटली बंद करण्याआधी एक पट्टी बुडवा. 4.2च्या वर दाखवलं तर आणखी लिंबू पिळा आणि पुन्हा मोजा. आणि झाकण उघडल्यावर बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं वापरू नका. बुरशी आम्ल खाते आणि सामू वाढवते, म्हणून ती बाटली पूर्ण टाकूनच द्या.