भाषा शिकवणारी घरधनीण

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली लेकरं आजोळी जातात. पंधरा दिवसांनी परत येतात तेव्हा त्यांच्या तोंडात चार नवे शब्द असतात. आजोळ खानदेशात असेल तर अहिराणी, कोकणात असेल तर मालवणी. कुणी धडा दिलेला नसतो, कुणी वही तपासलेली नसते. भाकरी मागताना, विहिरीवर जाताना, मामेभावंडांशी भांडताना ते शब्द आपोआप तोंडात बसतात.

आज मी तुम्हाला अशा देशाची माहिती सांगणार आहे, जिथे आपली जुनी भाषा वाचवण्यासाठी याच गोष्टीचा आधार घेतला गेला. तो देश म्हणजे आयर्लंड. तिथली हजारो शाळकरी मुलं दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांसाठी खेड्यांत राहायला जातात. ती खेड्यातल्या बायकांच्या घरी राहतात, त्यांच्या हातचं खातात आणि त्यांच्याकडून भाषा शिकतात.

आयर्लंड हा युरोपच्या पश्चिम टोकाचा देश. 2022 साली लोकसंख्या सुमारे 51 लाख होती, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. तिथेही आपल्यासारखंच इंग्रजांचं राज्य होतं. लोकांची स्वतःची भाषा आयरिश. ती इंग्रजीपेक्षा अगदी वेगळी आहे. पण 1831 साली सरकारी शाळांची व्यवस्था सुरू झाली आणि तिथे शिकवणं इंग्रजीतून होऊ लागलं. जुन्या लोकांच्या आठवणींत एका काठीचा उल्लेख येतो. ती मुलाच्या गळ्यात बांधायची. मूल एक आयरिश शब्द बोललं की काठीवर एक खाच पाडायची. मग जेवढ्या खाचा, तेवढ्या छड्या. वाईट याचं वाटतं की कितीतरी आईबापांनीच याला साथ दिली. इंग्रजी आली तरच लेकरू पोट भरेल, असं त्यांना वाटत होतं.

पुढे 1845 पासून बटाट्यावर रोग पडला. बटाटा म्हणजे तिथल्या गरिबाची भाकरी. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सगळ्यात जास्त मार बसला तो पश्चिमेकडच्या गरीब खेड्यांना, आणि आयरिश बोलणारे लोक तिथेच जास्त होते. माणसांबरोबर भाषाही गेली.

1893 साली काही लोकांनी एकत्र येऊन भाषा वाचवण्यासाठी संस्था काढली. 1904 साली कॉर्क परगण्यातल्या एका खेड्यात पहिलं उन्हाळी कॉलेज सुरू झालं. सुरुवातीला तिथे शिक्षक आयरिश शिकवायला शिकत होते. हळूहळू अशी कॉलेजं वाढली आणि शाळकरी मुलं यायला लागली. आता साधारण दहा ते अठरा वर्षांची मुलं येतात.

कॉलेज म्हटलं म्हणून मोठी इमारत आणि वसतिगृह डोळ्यांसमोर आणू नका. वर्ग बहुतेक वेळा गावातल्या शाळेत किंवा सभागृहात भरतात. मुलं राहतात गावातल्या घरांमध्ये. ज्या भागात आजही आयरिश बोलली जाते, त्या भागाला ते लोक गेल्टाख्ट म्हणतात. आणि मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या बाईला म्हणतात ‘बॅन अन टी’. शब्दाला शब्द लावला तर याचा अर्थ होतो घरची बाई. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, घरधनीण.

एकेका घरी आठ-दहा मुलं असतात, कुठे त्याहून जास्त. सकाळी न्याहारी करून मुलं वर्गाला जातात. दुपारी जेवून खेळ, पोहणं, समुद्रावर फिरणं. रात्री सगळे मिळून नाच आणि गाणी. तो नाच समूहाचा असतो, आपल्या बायका मंगळागौरीला फेर धरतात तसा. आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकच नियम, आयरिशमध्येच बोलायचं. बऱ्याच ठिकाणी वारंवार इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ताकीद मिळते आणि तरी सुधारलं नाही तर घरी पाठवतात.

तुम्ही म्हणाल, शाळेत शिकवत नाहीत का? शिकवतात ना. तिथे आयरिश हा शाळेतला सक्तीचा विषय आहे. शाळा सुटायच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेत आयरिश विषयाचे 40 टक्के गुण बोलण्याला आहेत. तरीही काय होतं बघा. 2022 च्या जनगणनेत जवळजवळ 19 लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश बोलता येते. पण शाळेबाहेर रोज बोलता का, असं विचारल्यावर हो म्हणणारे निघाले फक्त 72 हजारांच्या आसपास. म्हणजे भाषा पुस्तकात राहिली, ओठांवर आली नाही. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावी झालेलं पोरगं चार वाक्यं बोलायला अडखळतं. कारण तेच. वर्गाची घंटा झाली की त्या भाषेची गरज संपते.

घरधनिणीच्या घरी ही गरज संपत नाही. मुलाला भूक लागली तर ती सांगावी लागते. ओला टॉवेल कुठे वाळत घालू, हे विचारावं लागतं. घरची आठवण येऊन रडू आलं तर तेही त्याच भाषेत सांगावं लागतं. आयरिशमध्ये भूक लागली हे सांगताना ‘माझ्यावर भूक आहे’ अशा धर्तीचं वाक्य असतं. आपणही ‘मी भुकेली आहे’ असं सहसा म्हणत नाही, ‘मला भूक लागली’ म्हणतो. असं वाक्य फळ्यावरून पाठ करता येतं. पण पोटात कावळे ओरडत असताना दहा वेळा म्हटलं की ते आपलं होतं. म्हणून मी म्हणते, वर्गातले मास्तर व्याकरण शिकवतात, पण भाषा अंगात मुरते ती घरधनिणीच्या स्वयंपाकघरात.

आता आपल्या बचत गटांनी कान देऊन ऐकावं असा भाग. या बाईच्या कामाला तिथे मोल आहे. मुलांचे आईवडील कॉलेजला फी भरतात. त्याशिवाय सरकार एका योजनेतून घराला दर मुलामागे, दर दिवसाला ठरावीक रक्कम देतं. त्यासाठी अटी आहेत. घरात रोज आयरिश बोलली जायला हवी. झोपायची जागा, स्वच्छता, जेवण हे सगळं नीट हवं. घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस पडताळणी व्हावी लागते, कारण परकी लेकरं घरात राहणार. उन्हाळ्याच्या या मिळकतीवर कितीतरी घरांचा वर्षाचा मोठा खर्च निघतो. गावातला दुकानदार, बेकरीवाला, बसवाला यांच्या हातालाही काम मिळतं.

पण सगळं गोड आहे असं नाही. दहा मुलांची न्याहारी, जेवणं, चादरी, आजारपण, हे सांभाळणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. 2020 आणि 2021 च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे हे वर्ग बंद राहिले. सरकारने या बायकांना मदत दिली. तरी पुन्हा सुरू झाल्यावर सगळ्याच जणी परत आल्या नाहीत. कुणाचं वय झालं, कुणाची लेक नोकरीला लागली आणि तिला हे काम नको होतं. तरुण जोडप्यांना त्या गावांत घरं मिळणंच अवघड झालंय. मुलं यायला तयार आहेत, पण त्यांना ठेवून घेणारी घरं पुरत नाहीत, अशी तक्रार तिथे ऐकू येते.

यात नुसती मिळकत जात नाही. 2022 च्या जनगणनेत गेल्टाख्टची लोकसंख्या होती एक लाख सहा हजार. त्यांतले शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 20 हजार. घरधनिणीने काम थांबवलं तर शहरातल्या मुलाला ही भाषा जिवंत ऐकायची जागाच राहत नाही. आणि गावातल्या पोरांनाही वाटायला लागतं की आपल्या आईच्या भाषेला आता कोण विचारतो? इतके दिवस त्यांना दिसत होतं की शहरातली मुलं पैसे भरून आपल्या आईचं बोलणं ऐकायला येतात.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या बाया आहेत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या आहेत. चारचौघांत गेलं की आवाज खाली येतो, आपलं बोलणं गावंढळ वाटतं. लेकरानेही तसं बोलू नये म्हणून आपण त्याला टोकतो. त्या काठीवरच्या खाचा आठवा. आता कुणी काठी बांधत नाही, पण खाच आपणच पाडतो.

लेकरांनी शाळेत प्रमाण मराठी शिकावी, इंग्रजी शिकावी. जरूर शिकावी. पण त्यासाठी घरातली भाषा टाकावी लागत नाही. आयर्लंडच्या लोकांनी ती आधी टाकली, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ ते ती परत उचलायला धडपडत आहेत.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या घरात असे कोणते शब्द आहेत, जे आजीला येतात आणि नातीला येत नाहीत? त्यांची एक वही करता येईल का? आणि दुसरा प्रश्न. गावात शिबिराची मुलं येतात, पाहुणे येतात, शहरातली माणसं शेत बघायला येतात. त्यांचं रांधून वाढण्याचं काम आपणच करतो. त्याचा दर कोण ठरवतं, आणि पैसे कुणाच्या हातात पडतात? मुलं मुक्कामाला राहणार असतील तर त्यांच्या सुरक्षिततेचे नियम आपण लिहून ठेवलेत का?

बोला, वाद घाला, आणि आपल्या बोलीतच घाला.