फाईल समोर आहे, तरी ‘सापडत नाही’!

वडगाव निंबाळकर हे नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यातलं गाव. याच बारामती तालुक्यात, माळेगावच्या शारदानगरात, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची चित्रं, शेतातले सेन्सर आणि हवामानाचे आकडे यांचा मेळ घालणारी मायक्रोसॉफ्टची ‘फार्मवाइब्ज’ प्रणाली ऑक्टोबर 2022 मध्ये मुक्तस्रोत झाली. कोणत्याही विद्यार्थ्याने ती उतरवून घ्यावी आणि चालवून बघावी. उतरवणं सोपंच. पण अशा प्रणाली बहुधा लिनक्स गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असतं विंडोज.

मग इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट अडते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या आज्ञांची साधी मजकूर फाईल: हे फोल्डर कर, ते पॅकेज आण, अमुक आवृत्ती आहे का बघ. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचं स्वतःचं यंत्र असतं. जे तिथे आहे ते सगळीकडे असणार, असं तो धरून चालतो.

सर्वांत छळवादी चूक डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करायला दोन संकेत लागत: छपाईचं डोकं डावीकडे आण आणि कागद एक ओळ वर सरकव. युनिक्सने त्यातला दुसरा तेवढा ठेवला. डॉसने, आणि पुढे विंडोजने, दोन्ही ठेवले. विंडोजवरचं ‘गिट’ हे कोड उतरवण्याचं साधन फाईल आणताना अनेकदा तो जादा संकेत आपणहून घालतं. तीच फाईल लिनक्सवर चालवली, की पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’ या शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाला ते अदृश्य शेपूट चिकटतं. त्या नावाचा प्रोग्रॅम कुठेच नसतो. संदेश येतो, फाईल सापडत नाही. आणि माणूस समोर दिसणारी फाईल तासभर शोधत बसतो! उपाय अगदी किरकोळ आहे. ‘डॉस-टू-युनिक्स’ हे छोटं साधन ते शेपूट छाटतं, आणि गिटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली की दुखणं पुन्हा उद्भवत नाही.

मॅकची तऱ्हा वेगळी. नव्या बॅशचा परवाना ॲपलला नको होता, म्हणून मॅकमध्ये 2007च्या सुमाराची 3.2 आवृत्तीच राहिली. बॅश 4 मधल्या सोयी वापरणारी स्क्रिप्ट तिथे कोसळते. उबंटू या लिनक्सच्या प्रकारानेही 2006 पासून मूळ शेल म्हणून बॅशऐवजी हलकं ‘डॅश’ घेतलं, तेव्हा कितीतरी चालत्या स्क्रिप्ट एका रात्रीत बिघडल्या.

पायथॉनचा संदेश त्या मानाने सरळ असतो. डेबियन या लिनक्सच्या 12व्या आवृत्तीपासून यंत्रणेच्या पायथॉनमध्ये थेट पॅकेज टाकायला मनाई आहे. स्वतंत्र आभासी वातावरण करावं, हा खरा मार्ग. मनाई झुगारणारा एक पर्यायही आहे. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं त्याचं नाव. धोका नावातच छापलेला असूनही लोक तो बिनदिक्कत वापरतात, याला काय म्हणावं?

अडलेली स्क्रिप्ट तरी बरी. नोव्हेंबर 2001 मध्ये ॲपलच्या आयट्यून्स 2 च्या इन्स्टॉलरने काही ग्राहकांच्या डिस्कच पुसून टाकल्या. डिस्कच्या नावात मोकळी जागा असेल, आणि स्क्रिप्टमध्ये त्या नावाभोवती अवतरणचिन्हं नसतील, तर एका पत्त्याचे दोन तुकडे होतात आणि भलताच भाग पुसला जातो. ॲपलने तो इन्स्टॉलर लगेच मागे घेतला. 2011 मध्ये लिनक्सवरच्या ‘बंबलबी’ या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरने हाच प्रकार केला: पुसण्याच्या आज्ञेत एक मोकळी जागा चुकून जास्तीची पडली आणि प्रणालीचं ‘यूएसआर’ हे अख्खं फोल्डर गेलं.

अशा चुका आता स्क्रिप्ट चालवण्याआधीच पकडता येतात. ‘शेलचेक’ हे मोफत साधन विसरलेली अवतरणचिन्हं दाखवतं, फक्त बॅशलाच कळणाऱ्या ओळींवर बोट ठेवतं, आणि यंत्रणेचं मुख्य फोल्डर पुसणारी आज्ञा दिसली की तिच्यासाठी वेगळा इशारा देतं.