शेवाळ आधी ओळखा, मग उपटा

प्रवाळांच्या टाकीत नको असलेलं शेवाळ दिसलं की बहुतेक जण दुकानदाराला एकच विचारतात : हे खाणारा मासा कोणता? मासा आणला जातो, पण तो त्या शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. माशाचा यात दोष नाही. समुद्री शेवाळांच्या हजारो जाती आहेत. त्यांची चव वेगळी, वाढ वेगळी आणि त्यांना मारण्याची रीतही वेगळी. म्हणून आधी नाव शोधायचं.

त्यासाठी एक काडी चिमट्याने उपटून, पांढऱ्या वाटीत टाकीच्याच पाण्यात ठेवावी आणि भिंगातून पाहावी. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या दिसल्या, तर ते ब्रायोप्सिस. नुसते केसांसारखे तंतू असतील तर बहुधा डर्बेसिया. दगडाच्या खाचेत चकाकणारे हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. आडवा देठ दगडावरून सरपटत जात असेल, त्याला खाली मुळांसारखे धागे आणि वर पानांसारखे तुरे असतील, तर ती कॉलर्पा. चपट्या तपकिरी फितीला प्रत्येक टोकाशी दोन-दोन फाटे फुटत असतील, तर डिक्टिओटा.

यातली व्हॅलोनिया आणि कॉलर्पा ही जीवसृष्टीतली नवलं आहेत. व्हॅलोनियाचा अख्खा फुगा ही एकच पेशी. काही जातींत ती चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. कॉलर्पाचा मीटरभर पसरलेला वेलही आतून एकच पेशी असतो. मधे कुठे भिंत नाही, एकाच द्रवात असंख्य केंद्रकं. एवढी मोठी पेशी फाटली तर मरायला हवी, पण कॉलर्पाच्या जखमेवर काही मिनिटांतच बूच बसतं आणि तुटलेला तुकडा स्वतंत्रपणे वाढू लागतो. ब्रायोप्सिसचंही तसंच. म्हणून टाकीतच ब्रशने दगड घासला तर शेवाळ कमी होत नाही, त्याची लागवड होते. दगड शक्य असेल तर बाहेर काढून, टाकीतलं थोडं पाणी बादलीत घेऊन त्यात स्वच्छ करावा. तो निघत नसेल तर पंप बंद करावा आणि उपटलेला प्रत्येक धागा सायफनच्या नळीने लगेच ओढून घ्यावा. व्हॅलोनियाचे फुगे टाकीत फोडू नयेत, बुडाशी पातळ पट्टी सरकवून अख्खे सोडवावेत.

टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं, मग शेवाळ जगतं कशावर? नवख्यांना हा प्रश्न फार छळतो. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळाने आधीच शोषलेलं असतं. किट फक्त उरलेलं मोजतं. शिवाय शेवाळाची गरजही थोडी. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी 1983 मध्ये समुद्रतळावरच्या वनस्पतींची घडण मांडली, तेव्हा फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे 30 आणि कार्बनचे 550 अणू आढळले. म्हणजे चिमूटभर फॉस्फरसवर शेवाळाचा मोठा गोळा उभा राहतो. हा फॉस्फरस येतो मुख्यतः खाद्यातून, आणि नळाचं पाणी वापरलं तर त्यातूनही. म्हणून खाद्य मोजून द्यावं आणि आरओ-डीआयने शुद्ध केलेलंच पाणी वापरावं. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्ट मला धोक्याचा वाटतो. प्रवाळांनाही ती लागतात, आणि निःसत्त्व पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर माजू शकतो. त्यापेक्षा वेगळ्या कप्प्यात दिव्याखाली कीटोमॉर्फा हे तारेसारखं शेवाळ वाढवावं आणि नियमित कापून बाहेर काढावं. कापलेल्या प्रत्येक मुठीबरोबर पोषकद्रव्यंही बाहेर जातात.

शेवाळ चरणाऱ्या प्राण्यांचं मोल समुद्रानेच दाखवून दिलं आहे. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रातले काळे, लांब काट्यांचे डायडेमा सी अर्चिन रोगाने 90 टक्क्यांहून अधिक संख्येने मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, 1980 च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. 1977 मध्ये तिथे तळाचा निम्मा भाग प्रवाळांनी व्यापलेला होता. 1993 पर्यंत सुमारे 3 टक्के उरला आणि शेवाळ 4 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेलं. घरच्या टाकीत हे काम टर्बो गोगलगाई, टँग आणि फॉक्सफेस मासे करतात. पण हे प्राणी कोवळं शेवाळ आवडीने खातात, माजलेलं नाही. आधी हाताने उपटावं, मग त्यांच्यावर सोपवावं. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा उपयोगी पडतो, ब्रायोप्सिसला मात्र बहुतेक मासे टाळतात. आणि छोट्या टाकीत टँग कोंडून ठेवणं हा त्या माशावर अन्याय आहे.

ब्रायोप्सिसवर अनेक हौशी लोक फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध वापरतात आणि ते अनेकदा लागू पडतं. तरी तो शेवटचाच उपाय असावा. मरणारं शेवाळ साठवलेली पोषकद्रव्यं पाण्यात सोडतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं.

कॉलर्पाबद्दल जास्त सावध राहावं लागतं, कारण तिचं संकट टाकीपुरतं नाही. मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ 1984 मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटा पट्टा दिसला. थंडी सोसणारा मत्स्यालयातला हा वाण पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला. जून 2000 मध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या आगुआ हेडिओंडा खाडीत सापडला. ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून तो मारला गेला. 2006 मध्ये तो नष्ट झाल्याचं जाहीर होईपर्यंत 70 लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, कुरुसडाई बेटाजवळ, शेतीसाठी आणलेलं काप्पाफायकस शेवाळ जिवंत प्रवाळांवर चढल्याचं 2008 मध्ये नोंदलं गेलं. कोकणात मालवणचे प्रवाळही किनाऱ्यालगतच आहेत. म्हणून टाकीतून काढलेलं शेवाळ, मग ते कोणतंही असो, उन्हात कडकडीत वाळवा आणि कचऱ्याच्या डब्यात टाका. नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात त्याचा एक तुकडाही सोडू नका.