गोष्ट कुठे थांबवली?

१९१३ साली डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीने ‘अटलांटिस’ नावाचा मोठा, खर्चिक मूकपट काढला. भर समुद्रात बुडणारं जहाज, त्यातून वाचलेला एक डॉक्टर आणि त्याचं विस्कटलेलं आयुष्य, असा त्याचा विषय. या चित्रपटाला शेवट मात्र दोन होते. एकात डॉक्टर सावरतो, दुसऱ्यात मरतो. मरणारा डॉक्टर खास रशियासाठी. रशियन प्रेक्षकाला गोड शेवट पचत नाही, अशी तेव्हाच्या चित्रपट-व्यापाऱ्यांची पक्की समजूत होती.

समजूत अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९०९मध्ये ‘द लोनली व्हिला’ हा छोटा चित्रपट केला होता. घरात दरोडेखोर शिरताहेत, बायको नवऱ्याला फोन करते, बोलता बोलता तार तुटते, नवरा जिवाच्या आकांताने निघतो आणि ऐन वेळी पोचतो. पाच वर्षांनी रशियात याकोव्ह प्रोताझानोव्हने हीच कल्पना घेऊन चित्रपट केला. त्यातलाही नवरा तसाच धावतो. पोचतो तेव्हा बायकोचा खून झालेला असतो.

‘अटलांटिस’बद्दल विचार करताना मी एका प्रश्नापाशी अडखळतो. जहाज बुडण्याचा प्रसंग सगळीकडे तोच, तीच माणसं, त्याच लाटा. तरी मॉस्कोत आणि कोपनहेगनमध्ये लोक एकच चित्रपट पाहून घरी गेले, असं म्हणता येईल का? एका ठिकाणी ती सुटकेची गोष्ट होती. दुसऱ्या ठिकाणी तेच जहाज म्हणजे लांबलेल्या मरणाची पहिली घंटा. शेवटची काही मिनिटं मागे जाऊन आधीचं सगळं पुन्हा रंगवतात. आणि हे रंगकाम पडद्यावर होत नाही, आपल्या आठवणीत होतं.

आठवण हे कसं करते, याचा एक भन्नाट प्रयोग मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद बुडवायला सांगितलं. हे पाणी चांगलंच बोचतं. मग दुसऱ्या वेळी दुसरा हात तितक्याच थंड पाण्यात ६० सेकंद, आणि त्यानंतर आणखी ३० सेकंद. फक्त त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूच १५ अंशांपर्यंत नेलं. म्हणजे तेही थंडच, पण किंचित सुसह्य. आता तिसऱ्यांदा हात घालायचाय, दोन्हींपैकी कुठला प्रकार हवा? बहुतेकांनी लांबलेला प्रकार मागितला! साठ सेकंदांचा पूर्ण त्रास, वर तीस सेकंदांचा जादा त्रास, आणि तरी तोच बरा वाटला, कारण तो जरा बऱ्या जागी थांबला होता. एखादा अनुभव किती वेळ चालला याचा हिशेब आठवण फारसा ठेवतच नाही; ती सर्वांत तीव्र क्षण पकडते आणि शेवट पकडते.

पाण्याची बादली आणि तीन तासांची गोष्ट यांत अंतर आहे, हे कबूल. पण याच्याशी जुळणारा निवाडा साहित्याच्या बाबतीत अकराशे वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये दिला गेला होता. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त महाभारताच्या मुख्य रसाचा विचार केला आहे. अठरा पर्वं, त्यांत युद्धाचा एवढा पसारा. कुणीही डोळे झाकून ‘वीर’ म्हणेल. आनंदवर्धन म्हणतो, शांत. त्याचा पुरावा? ग्रंथ जिथे थांबतो ती जागा. यादव आपसांत लढून संपतात, पांडव महाप्रस्थानाच्या वाटेवर एकेक करून कोसळतात. जिंकणाऱ्यांच्याही हाती काही उरत नाही, हे व्यासांनी अखेरीस दाखवलं, म्हणून आधीचे शंख आणि रथ त्याच उजेडात वाचायचे. ती शेवटची पर्वं युद्धपर्वांच्या मानाने चिमुकली आहेत. तरी त्यांनी सगळ्या ग्रंथाचा रस ठरवला!

आपल्या पिढीने याचा अनुभव २०१६मध्ये चित्रपटगृहात घेतला. ‘सैराट’चा शेवट सांगितला म्हणून आता कुणी रागावणार नाही. आर्ची-परशाचा हैदराबादचा संसार मार्गी लागलाय, माहेरची माणसं भेटी घेऊन दारात आलीत, चहा झालाय. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आई-बापाजवळ जातं आणि रडत बाहेर पडतं. त्याची इवली पावलं रक्ताचे ठसे उमटवत जातात. आवाज पूर्ण बंद. ज्या चित्रपटाने आधी अजय-अतुलच्या संगीतावर लोकांना खुर्च्यांवरून उठवून नाचवलं, त्यानेच शेवटी ध्वनी काढून घेतला. पुन्हा ‘सैराट’ पाहताना विहिरीतल्या उड्या, ऊस, बुलेट सगळं तिथेच असतं. तरी आर्चीच्या भावाच्या प्रत्येक नजरेशी आता पोटात कालवतं. पहिल्या वेळी ती नजर निव्वळ खलनायकाची होती.

त्यावरून २०१८मध्ये ‘धडक’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात नवरा आणि मूल मारले जातात आणि नायिका जिवंत राहते. बातमी म्हणून दोन्ही शेवट सारखेच भयंकर. मग परिणामात एवढा फरक का? माझ्या मते ‘धडक’मध्ये आक्रोश करायला पडद्यावर एक माणूस उरतं. ती आपल्या वाटचं रडून घेते. ‘सैराट’मध्ये घडलेल्याचा अर्थ कळेल असं कुणीच खोलीत शिल्लक नाही, जे उरलंय त्याला चालायलाही नीट येत नाही. अर्थ लावायचं काम अख्खं प्रेक्षकावर येऊन पडतं. शेवट दुःखी आहे एवढं पुरत नाही. कॅमेरा कुणापाशी थांबला, ते बघावं लागतं.

सुखान्ताचंही तसंच आहे, आणि इथे मला विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वाल्मीकींच्या कथेत सीता अखेर धरणीच्या पोटात जाते. आठव्या शतकातल्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त राम-सीतेला पुन्हा एकत्र आणलं. पण कसं? सातव्या अंकात नाटकात नाटक आहे. गंगेच्या काठी अप्सरा वाल्मीकींचं नाटक करताहेत, विषय सीतात्यागानंतरचे तिचे हाल, आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलाय. ते पाहता पाहता तो शुद्ध हरपतो. मग खरी सीता येते, तिच्या स्पर्शाने तो भानावर येतो. प्रेक्षक कोसळतो तेव्हा शेवट बदलतो, असं दृश्य लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं! आणि हा एवढा सुखान्त असूनही संस्कृत परंपरा भवभूतीला ओळखते ती करुण रसाचा राजा म्हणून. शेवटी डोळे पुसले, म्हणून आधी रडलेलं वाया जात नाही.

नाट्यशास्त्राने नाटकाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे निर्वहण संधीत, अद्भुत रस असावा असं सांगून ठेवलंय. नुसतं चांगलं झालं एवढं पुरणार नाही, थक्क व्हायला हवं. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊला हे वेगळ्या वाटेने उमगलं असावं. त्याच्या १९२४च्या ‘द लास्ट लाफ’मध्ये हॉटेलच्या दिमाखदार दरवानाला म्हातारपणी प्रसाधनगृहात कामाला लावतात. तो पार खचतो. तेवढ्यात पडद्यावर पाटी येते. तिचा आशय असा की, खरं तर गोष्ट इथेच संपायची, पण लेखकाला या म्हाताऱ्याची दया आली. मग त्याला एका लक्षाधीशाची संपत्ती मिळते. सुखान्त दिलाय आणि तो खोटा आहे हेही सांगितलंय. आपण तरीही खूश होतो!

प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) हा अद्भुत एका झटक्यात दोन तुकडे होऊन येतो. गरुडावर बसून तुकोबा वैकुंठाला निघतात आणि खाली जिजाई बघत राहते. तुकोबांच्या बाजूने पाहिलं तर मराठी चित्रपटात याहून सुखी शेवट सापडणार नाही. जिजाईच्या बाजूने पाहा.

दूरचित्रवाणीवर गोम वेगळीच. आपल्याकडच्या रोजच्या मालिका बहुधा संपत नाहीत, बंद होतात. त्यामुळे मागे जाऊन रंग चढवायला काही उरतच नाही. पण शेवट आधीच ठरवून ठेवला तरी धोका टळत नाही. ‘हाऊ आय मेट युवर मदर’ या अमेरिकी मालिकेत बाप मुलांना त्यांची आई आपल्याला कशी भेटली ते सांगतो. मुलांची कामं करणारे कलाकार मोठे दिसू लागतील, म्हणून त्यांचा अखेरचा प्रसंग दुसऱ्या पर्वाच्या सुमारासच चित्रित करून ठेवला. मालिका मात्र नऊ पर्वं चालली. पात्रं बदलली, प्रेक्षकांचा जीव आईत गुंतला, आणि २०१४मध्ये तो जुना प्रसंग बाहेर निघाला: आई केव्हाच वारलीय, मुलं बापाला जुन्या मैत्रिणीकडे जायला सांगताहेत. लोक भडकले. पुढे डीव्हीडीवर आई जिवंत राहणारा दुसरा शेवट द्यावा लागला. शेवट तोच होता. तो ज्या गोष्टीसाठी शिवला होता, ती गोष्ट त्यातून वाढून बाहेर गेली होती.

आणि १९८८चा जुलै. दूरदर्शनवरचं रामानंद सागर यांचं ‘रामायण’ राज्याभिषेकावर संपलं. याहून मंगल जागा कुठली? पण वाल्मीकी समाजाला ती मान्य नव्हती. ज्या ऋषींना ते आपले मानतात, त्यांच्या आश्रमात सीतेला आसरा मिळाला, लव-कुश वाढले, तो भाग दिव्यांच्या त्या लखलखाटामागे राहून गेला होता. उत्तरेतल्या काही शहरांत सफाई कामगारांनी त्यासाठी संप केला. मालिका पुढे न्यावी लागली. रामाच्या राज्याभिषेकावर सुखाने थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली, वाल्मीकी मधोमध आले, आणि देशाने घरोघरी बसून सीतेला धरणीत जाताना पाहिलं.