नळकारागिराची जाहिरात

कोल्हापुरात पूर्वी नळकारागिराची कीर्ती बहुधा पेठेपुरती असे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला नाव सुचवावे आणि त्यास काम मिळावे, अशी रीत होती. आज तीच शिफारस समाजमाध्यमांतून दूरवर पोहोचते. २०२३ साली काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळयोजनेने शहरात आले. तथापि घरातील गळती थांबविण्यास कारागीरच लागतो. नळ एकदा भिंतीत बुजला, की त्याचे सांधे कोणास दिसत नाहीत. म्हणून सुज्ञ कारागीर गिलाव्यापूर्वी पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो आणि घरमालकाच्या अनुमतीने तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर ठेवतो. जो दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवितो, त्याचे पितळ भिंतीस ओल येताच उघडे पडते. जाहिरात गिऱ्हाइकास एकदा आणते. न गळणारा सांधा त्यास पुन्हा आणतो.